प्रयोग ठरण्याआधीच नीतीचा विचार: विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी काय करता येईल?

प्रयोगवही

बहुतेक अभ्यासक्रमांत संशोधननीतीचं एखादंच व्याख्यान असतं, आणि तेही प्रकल्प निम्मा झाल्यावर. त्यात नाझी डॉक्टर, टस्कीगीचा सिफिलिस-अभ्यास, आणि शेवटी वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरची टक्केवारी. विद्यार्थी ऐकतात, हळहळतात आणि 'आपण काही असली माणसं नाही' असं म्हणून विषय मिटवतात.

माझं म्हणणं असं की हा प्रश्न विषय पक्का व्हायच्या आधी, आराखड्यातच यायला हवा. एकदा रसायनं आली, मार्गदर्शकांची सही झाली, की उरतो फक्त फॉर्म. तेव्हा बदलण्याजोगं काही हातात राहत नाही.

यासाठी दोन तासांचं सत्र आणि प्रयोगवहीतलं एक पान पुरतं. आधी विद्यार्थ्याने काय करणार ते पाच ओळींत लिहायचं. त्याखाली, या कामाची झळ कुणाकुणाला लागू शकते त्यांची यादी. बहुतेक जण 'सहभागी व्यक्ती' आणि 'प्राणी' लिहून थांबतात. तिथे थांबू देऊ नये. नमुना ज्याच्या शरीरातून आला तो, शेजारच्या टेबलावर काम करणारा, काचसामान धुणारे मदतनीस, सांडपाणी जिथे जातं तिथले जीव, निकाल वाचून निर्णय घेणारे लोक, सगळे यायला हवेत. प्रत्येकापुढे तीन रकाने: काय बिघडू शकतं, ते सर्वांत आधी कुणाच्या लक्षात येईल, आणि लक्षात आल्यावर त्या माणसाला काम थांबवायचा अधिकार आहे का. तिसरा रकाना बऱ्याचदा रिकामा राहतो. चर्चा तिथूनच सुरू करावी.

पानाच्या तळाशी 'थांबण्याची अट' लिहायची: काय दिसलं की प्रयोग बंद. ही अट आकड्यात किंवा डोळ्यांनी दिसेल अशा खुणेत हवी. 'काही अनुचित वाटल्यास' ही अट नव्हे.

टस्कीगीचं उदाहरण घ्यायचंच तर या अटीसाठी घ्यावं. १९३२ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने सुरू केलेल्या त्या अभ्यासात सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुष होते, त्यांपैकी ३९९ जणांना सिफिलिस होता. १९४७ च्या सुमारास पेनिसिलिन हा सिफिलिसवरचा रूढ उपचार झाला होता. १९६६ मध्ये त्याच सेवेतले कर्मचारी पीटर बक्स्टन यांनी आतून लेखी हरकत घेतली. १९६९ मध्ये तज्ज्ञांची बैठक झाली आणि अभ्यास चालू ठेवायचं ठरलं. १९७२ मध्ये वर्तमानपत्रांत बातमी आली तेव्हा तो थांबला. ही वर्षं फळ्यावर लिहून विचारावं: प्रत्येक टप्प्यावर खोलीत कोण होतं, त्यांना काय माहीत होतं, आणि थांबवायला कुठलं वाक्य आधीच लिहिलेलं असायला हवं होतं? 'ती माणसं वाईट होती' या उत्तराने तास संपत नाही. पुढच्या टप्प्यावर माणसं बदललेली असतात आणि अभ्यास चालूच असतो.

आणखी कुणी असं काही करत असेल तर तपशिलासह लिहा. पदवी आणि पदव्युत्तर, दोन्ही पातळ्यांवरचं चालेल.

पेशीद्रव्य

प्राण्यांवरच्या कामाबद्दल लिहितो. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च यांनी मांडलेली तीन तत्त्वं, म्हणजे पर्याय शोधा, संख्या कमी करा, वेदना कमी करा, विद्यार्थ्यांना पाठ असतात. गोंधळ दुसऱ्या तत्त्वावर होतो. 'कमी' म्हणजे पाच-पाच उंदीर, असा अर्थ लावला जातो आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या नीतिसमितीपुढे तो चांगलाही दिसतो.

आकडे पाहा. दोन गटांची तुलना, अपेक्षित फरक एका प्रमाण विचलनाइतका (मोजमापं सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप), पातळी ५ टक्के (फरक नसताना तो दिसण्याची शक्यता), पॉवर ८० टक्के (खरा फरक हाती लागण्याची शक्यता): प्रत्येक गटात १७ प्राणी लागतात. फरक त्याच्या निम्मा असेल तर ६४. पाच-पाच घेतले तर खराखुरा मोठा फरकही हाती लागण्याची शक्यता तीनांत एकाहून कमी. म्हणजे दहा प्राणी मेले आणि प्रश्न तिथेच. हा हिशोब मोफत सॉफ्टवेअरवर दहा मिनिटांत होतो. तो प्रयोगवहीच्या त्याच पानावर असावा. संख्या खरोखर कमी करायची तर मोजमाप नेमकं करा, एकाच प्राण्याची आधीची आणि नंतरची नोंद वापरा, विचलन घटवा. गट छोटे करणं हा त्यावरचा उपाय नाही.

इथे एक चूक सतत होते. उपचार पिंजऱ्याला दिला जातो (पाण्यातून किंवा खाद्यातून) आणि मोजताना प्रत्येक उंदीर स्वतंत्र धरला जातो. चार पिंजऱ्यांतले वीस उंदीर म्हणजे वीस नमुने नव्हेत, चारच.

वेदनेबाबत: 'थांबण्याची अट' इथे रोजच्या गुणपत्रकात येते. वजन, अंगावरचे केस, पाठ कुबडी होणं, हालचाल, डोळे. बऱ्याच संस्था सुरुवातीच्या वजनात २० टक्के घट ही शेवटची मर्यादा धरतात. विद्यार्थ्याने त्याच्या अलीकडे, १० टक्क्यांवर, रोज दोनदा पाहणी सुरू करायची असं आधीच लिहावं. सुटीच्या दिवशी पाहणी कोण करणार आणि भूल देऊन प्राणी मारायचा निर्णय कोण घेणार, त्यांची नावं पानावर हवीत. हाताळणीचंही तसंच. शेपटीला धरून उचललेले उंदीर जास्त घाबरलेले असतात. नळीत घेऊन किंवा ओंजळीत उचलले तर भीती कमी होते, हे हर्स्ट आणि वेस्ट यांनी २०१० मध्ये दाखवलं. घाबरलेल्या प्राण्याची वर्तन-चाचणी मुळातच बिघडलेली असते. म्हणून हा मुद्दा नीतिशास्त्राच्या तासाला ठेवू नका, पद्धतीच्या तासाला घ्या.

आणखी एक. पेशीसंवर्धनाच्या पहिल्या दिवशी विद्यार्थ्यांच्या हातात हेला पेशी येतात, म्हणजे प्रयोगशाळेत अखंड वाढत राहणाऱ्या मानवी कर्करोगपेशी. त्या १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून घेतल्या गेल्या. त्यांना विचारलं नव्हतं. २०१३ मध्ये या पेशींचा जनुकक्रम प्रसिद्ध झाला तेव्हाही कुटुंबाला विचारलं नव्हतं. आक्षेप आल्यावर तो मागे घेतला गेला, आणि कुटुंबाचे प्रतिनिधी असलेल्या गटाच्या परवानगीने तो वापरायला देण्याची व्यवस्था त्याच वर्षी ठरली. कुपीवर लेबल लावताना हे सांगायला पाच मिनिटं पुरतात.

विदावेत्ता

प्रश्नावली आणि डेटावरच्या प्रकल्पांत 'नाव घेत नाही, म्हणजे निनावी' हा समज फार खोलवर गेलेला आहे. लटान्या स्वीनी यांनी १९९० च्या जनगणनेवरून काढलेला अंदाज सांगा: पाच अंकी पिनकोड, लिंग आणि जन्मतारीख एवढ्यावर अमेरिकेतली सुमारे ८७ टक्के माणसं वेगळी ओळखता येऊ शकत होती. २००६ मध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने साडेसहा लाख वापरकर्त्यांचे शोध-शब्द नावांऐवजी क्रमांक लावून खुले केले. काही दिवसांत पत्रकारांनी त्यातली एक बाई शोधून काढली.

फॉर्म बनवतानाच करायची कामं सांगतो. जन्मतारीख विचारू नका, वयोगट विचारा. वर्ग, लिंग, गाव असे रकाने एकत्र केल्यावर एखाद्या चौकटीत पाचपेक्षा कमी माणसं उरत असतील तर गट मोठे करा किंवा तो रकाना काढा. फॉर्मच्या सेटिंगमध्ये ईमेल आपोआप नोंदवणं बंद आहे का ते स्वतः चाचणी-उत्तर भरून पाहा. फोटो असतील तर त्यातली स्थाननोंद पुसा. नाव आणि क्रमांक जोडणारी यादी वेगळ्या ठिकाणी, पासवर्डखाली, आणि ती नष्ट करायची तारीख संमतीपत्रातच छापलेली. सगळ्यांत धोकादायक रकाना 'इतर काही सांगायचं असल्यास' हा. लोक तिथे शेजाऱ्याचं नाव, दवाखान्याचं नाव, सगळं लिहितात. डेटा कुणालाही द्यायच्या आधी तो रकाना ओळ न् ओळ वाचावाच लागतो.

संमतीपत्र एका पानाचं असावं. सही घेण्याआधी समोरच्याला 'तुम्हाला काय समजलं ते तुमच्या शब्दांत सांगाल का?' असं विचारा. उत्तर अडखळलं तर दोष कागदाचा. 'केव्हाही माघार घेता येईल' हे वाक्य सगळे छापतात, पण ओळख पुसल्यानंतर कुणाचं उत्तर कोणतं हे शोधता येत नाही. म्हणून 'अमुक तारखेपर्यंत उत्तरं काढून टाकू' असं खरं तेच लिहा. आणि शिक्षकाने स्वतःच्या वर्गाची पाहणी करू नये. करायचीच असेल तर फॉर्म तिसऱ्याने वाटावे, तिसऱ्याने गोळा करावे, आणि गुण जाहीर होईपर्यंत कुणी भरला नाही हे शिक्षकाला कळू नये.

अर्धायुष्य

माणसं आणि प्राणी यांच्याबद्दल पटतं. दोन शंका आहेत. पहिली, संश्लेषणाच्या प्रयोगशाळेत किंवा संगणकावर सैद्धांतिक काम करणाऱ्या मुलाने हे पान कशाने भरायचं? बळेच भरायला लावलं तर तो गुळगुळीत वाक्यं लिहील आणि आयुष्यभर नीती म्हणजे गुळगुळीत वाक्यं असंच समजेल. दुसरी शंका जास्त गंभीर आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या हातात काहीच नसतं. विषय मार्गदर्शकांचा, निधी त्यांचा, शिफारसपत्रही त्यांचंच. त्याच्यावर नैतिक जबाबदारीचं ओझं टाकायचं आणि अधिकार द्यायचा नाही, हा त्याच्यावर अन्याय नाही का?

क्षकिरण

पहिल्या शंकेपुरतं. संश्लेषणात पान भरायला भरपूर आहे. प्रत्येक टप्प्याला किती मिलिलिटर द्रावक लागणार, त्यातला क्लोरीनयुक्त किती, तो कुठल्या बाटलीत जाणार, बाटली कोण उचलणार. डायक्लोरोमीथेन या क्लोरीनयुक्त द्रावकाऐवजी इथाइल ॲसिटेट चालेल का, हे आधी विचारलं तर बदलता येतं. शुद्धीकरणाचा स्तंभ भरल्यावर नाही. रात्री प्रयोगशाळेत एकटं कुणी थांबणार नाही, हेही त्याच पानावर.

सुरक्षितता ही नीतीच आहे, कारण धोका क्वचितच एकट्याचा असतो. १९९६ मध्ये रसायनशास्त्रज्ञ कॅरन वेटरहान यांच्या लॅटेक्स हातमोज्यावर डायमिथाइल मर्क्युरी या पाऱ्याच्या अत्यंत विषारी संयुगाचे काही थेंब पडले. १९९७ च्या जूनमध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्यांनी तेव्हाच्या सूचना पाळल्या होत्या. नंतरच्या चाचण्यांत कळलं की हे द्रव्य तसल्या हातमोज्यातून काही सेकंदांत आरपार जातं. ते स्वतःपुरतं न ठेवता सहकाऱ्यांनी लगेच सगळ्या प्रयोगशाळांना कळवलं. विद्यार्थ्याला सांगायचं ते हे: थोडक्यात टळलेला अपघात लपवला तर पुढच्याची माहिती आपण चोरली.

संगणकावरचं काम निरुपद्रवी असतं असंही नाही. २०२२ मध्ये औषधं शोधणाऱ्या एका छोट्या कंपनीच्या संशोधकांनी लिहिलं की त्यांच्या प्रणालीत विषारीपणाला उणे गुण मिळायचे, ते त्यांनी चाचणीसाठी उलटे केले, आणि सहा तासांच्या आत ४०,००० रेणू निघाले. त्यात व्हीएक्स हा ज्ञात रासायनिक अस्त्रातला रेणूही होता. ते रेणू कुणी तयार केले नाहीत. पण वर्षानुवर्षं त्या क्षेत्रात काम करूनही हा प्रश्न आपल्याला पडला नव्हता, असं त्यांनी स्वतःच नोंदवलं.

म्हणून सैद्धांतिक कामासाठी पानावर तीन प्रश्न पुरे. या निकालाचं चिन्ह उलटं केलं तर काय मिळतं? ते मिळवायला आणखी काय लागतं: दुर्मीळ उपकरण, प्रशिक्षण, की फक्त लॅपटॉप? आणि माझा दावा तपासायला इतरांना जेवढा तपशील लागतो त्याहून जास्त मी खुला करतोय का? तिन्हींची उत्तरं 'काही नाही' अशी आली तर तसं एका ओळीत लिहावं आणि पुढे जावं. एक ओळ चालते, गुळगुळीत परिच्छेद नको.

काम थोडा वेळ थांबवणं म्हणजे विज्ञानाचा शेवट, हा धाकही मुलांच्या मनातून काढायला हवा. १९७४ मध्ये पुनर्संयोजित डीएनएवर (वेगवेगळ्या जीवांचे डीएनए तुकडे जोडून केलेल्या) काम करणाऱ्यांनीच काही प्रयोग ऐच्छिक थांबवायचं आवाहन केलं, १९७५ च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातल्या असिलोमारला परिषदेत बसून धोक्यानुसार बंदोबस्ताचे स्तर ठरवले, आणि काम पुन्हा सुरू झालं. असिलोमारची मर्यादाही सांगावी: चर्चा बहुतांशी जैवसुरक्षेपुरती राहिली, जैविक अस्त्रं आणि मानवी जनुकबदल मुद्दाम बाजूला ठेवले गेले.

गुणसूत्र

अर्धायुष्य, तुमची दुसरी शंका खरी आहे आणि ती टाळून चालणार नाही. अधिकार नसलेल्या विद्यार्थ्याला धैर्याचे धडे देऊ नयेत, त्याला साधनं द्यावीत. नोंद हे त्याचं एकमेव संरक्षण आहे.

प्रयोगवही बांधीव, पानांना क्रमांक, शाईचं पेन. चूक खोडायची तर एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला तारीख आणि आद्याक्षरं. उपकरणातून आलेली मूळ फाइल त्याच दिवशी दुसऱ्या जागी आणि 'फक्त वाचण्यासाठी' करून. विश्लेषण नेहमी प्रतीवर.

'ते दोन बिंदू काढून टाक' असं तोंडी सांगितलं गेलं तर वाद घालू नका. त्याच संध्याकाळी नम्र ईमेल पाठवा: 'सर, आजच्या चर्चेप्रमाणे नमुना ३ आणि ७ वगळतो आहे. वगळण्याचा निकष काय लिहू? तोच निकष नियंत्रण गटालाही लावला तर नमुना ११ सुद्धा जातो. दोन्ही आलेख सोबत जोडले आहेत.' यात आरोप नाही. निकष खरा असेल (नळी फुटली होती, तापमान घसरलं होतं) तर तो लिहून येईल. नसेल तर बहुतेक वेळा ते बिंदू आपोआप परत येतात. मुलांना हे मजकूर लिहायचा सराव द्यावा. वर्गात तीन-चार प्रसंग देऊन प्रत्येकी पाच ओळींचा ईमेल लिहून घ्यावा आणि त्यातला सूर सुधारून द्यावा.

वगळण्याचा निकष आणि मुख्य मोजमाप कोणतं, हे मोजणी सुरू व्हायच्या आधी लिहावं. कारण: खरा फरक शून्य असताना २० स्वतंत्र चाचण्या ५ टक्के पातळीवर केल्या तर निदान एक 'यशस्वी' निघण्याची शक्यता ६४ टक्के. एकच चाचणी, पण डेटा येईल तसा समान अंतराने पाचदा डोकावून पाहिलं आणि जमलं की थांबलं, तरी खोटं यश मिळण्याची शक्यता ५ वरून सुमारे १४ टक्के होते. यात कुणी खोटं लिहिलेलं नसतं. म्हणूनच हे तरुण संशोधकाला नीट समजावणं जास्त गरजेचं आहे.

चित्रांबद्दल, म्हणजे प्रथिनं किंवा डीएनए पट्ट्यांच्या रूपात वेगळे करणाऱ्या जेलच्या फोटोंबद्दल, थोडक्यात: उजळपणा किंवा कॉन्ट्रास्ट संपूर्ण चित्राला सारखा बदलला तर चालतो, एका पट्टीपुरता नाही, दोन जेलमधल्या पट्ट्या शेजारी ठेवल्या तर मध्ये स्पष्ट रेघ, न छाटलेली मूळ टिफ फाइल जपून.

बेल लॅब्समधला भौतिकशास्त्रज्ञ यान हेन्ड्रिक शोन याचं प्रकरण वर्गात घेण्याजोगं आहे. २००२ मध्ये चौकशी समितीने तपासलेल्या २४ आरोपांपैकी १६ मध्ये गैरवर्तन सिद्ध झालं. वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांत एकसारखा गोंगाट दिसला, तिथून संशय पक्का झाला. त्याच्याकडे नीट प्रयोगवह्या नव्हत्या आणि मूळ फाइली जागेअभावी पुसल्या, असं त्याचं म्हणणं होतं. सहलेखक निर्दोष ठरले, पण इतक्या आश्चर्यकारक निकालांची मूळ नोंद त्यांनी मागायला नको होती का, हा प्रश्न उरला. विद्यार्थ्यांना हाच प्रश्न द्यावा: सहलेखक म्हणून नाव लागण्याआधी मी कोणती फाइल उघडून पाहीन? लेखकांची नावं आणि क्रम यांवर पहिल्याच महिन्यात बोलून दोन ओळी लिहून ठेवाव्यात. शोधनिबंध पाठवायच्या आठवड्यात हा विषय काढला की कडवटपणाच येतो.

निर्झरा

शाळेच्या पातळीवरचं लिहिते, कारण सवय तिथेच लागते.

विज्ञान प्रदर्शनातला लोकप्रिय प्रयोग म्हणजे मोबाइल, दाराची मूठ, नाणी यांवरचे जीवाणू वाढवणं. बश्या ३७ अंशांवर ठेवू नयेत. शरीराच्या तापमानावर रोगकारक जंतू जोमाने वाढतात. २५ अंशांच्या आसपास, दोन-तीन दिवस. एकदा बंद केलेली बशी पुन्हा उघडायची नाही, निरीक्षण झाकणातूनच. चिकटपट्टी चार ठिकाणी लावा, कडेने पूर्ण सील करू नका, आत हवा राहू द्या. संपल्यावर ऑटोक्लेव्ह किंवा प्रेशर कुकर, १२१ अंश, १५ पौंड दाब, किमान १५ मिनिटं. अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या वसाहती निवडून पुन्हा वाढवणं हा शाळेचा प्रयोग नाही, मुलगा कितीही हुशार असो.

दुसरा लोकप्रिय विषय परीक्षेचा ताण. प्रश्नावलीत 'जगावंसं वाटत नाही असं कधी वाटतं का?' हा प्रश्न मुलं इंटरनेटवरून उचलून घालतात. विचारा: निनावी फॉर्मवर रात्री अकराला कुणी 'हो' लिहिलं तर तू काय करशील? निनावी आहे म्हणजे पोहोचता येणार नाही. मग हा प्रश्न काढायचा, किंवा समुपदेशकाच्या देखरेखीखाली, ओळख कळेल अशा पद्धतीने विचारायचा. नुसती हेल्पलाइन खाली छापणं पुरेसं नाही.

वर्गात 'बरोबर की चूक' असा वादविवाद घेऊ नका, त्यात बोलकी मुलं जिंकतात. प्रसंग द्यावा आणि आराखडा दुरुस्त करून मागावा. गुण दुरुस्तीला: आधीचा आराखडा, नंतरचा, आणि काय का बदललं. काहीच बदललं नसेल तर त्याचंही कारण.

अर्धायुष्य

ईमेलचा मुद्दा पटला. एक ओळीचं उत्तर चालतं म्हटल्यावर पहिली शंकाही बरीचशी मिटली. तरी मार्गदर्शकांशिवाय दुसरं कुणी माणूस विद्यार्थ्याला विचारायला उपलब्ध हवं, असं वाटतं. ते नाव विभागाने ठरवावं, विद्यार्थ्याने शोधत फिरू नये.

प्रयोगवही

मान्य. ते नाव पानाच्या वरच्या कोपऱ्यात छापूनच देऊ या, मार्गदर्शकांच्या नावाशेजारी. म्हणजे ते लिहिणं हे अविश्वासाचं लक्षण ठरणार नाही. आणि हे पान महिन्यातून एकदा उघडायचं. आराखडा बदलला असेल तर जुनं पान तसंच ठेवून नवं लिहायचं.

कवडसा

एक साधा प्रश्न. इंटरनेटवर आधीच खुला असलेला डेटा वापरायचा असेल तर नीतिसमितीकडे जावं लागतं का?

विदावेत्ता

बऱ्याचदा सूट मिळते, पण सूट आहे हे समितीने ठरवायचं असतं, विद्यार्थ्याने किंवा मार्गदर्शकांनी नाही. एक पानाचा अर्ज करा: डेटा कुठून घेतला, त्याच्या परवान्यात कोणता वापर चालतो, त्यात ओळख पटेल असं काय आहे, दुसऱ्या डेटाशी जोडणार का. जोडणार असाल तर सूट गृहीत धरू नका, कारण ओळख बहुधा जोडण्यातूनच फुटते. समाजमाध्यमांवरच्या पोस्ट शब्दशः उद्धृत करू नका. वाक्य शोधलं की माणूस सापडतो. अर्ज डेटा उतरवून घेण्याआधी द्यायचा, मागील तारखेची मंजुरी मिळत नाही आणि नियतकालिकं मंजुरीचा क्रमांक मागतात. प्रश्नावली असेल तर अंतिम प्रत जोडा. नंतर एक प्रश्न वाढवला तरी दुरुस्तीचा अर्ज लागतो, तेव्हा आधी पाच-सहा जणांवर शब्दरचना तपासून घ्या आणि ती उत्तरं विश्लेषणात धरू नका. ही तपासणीसुद्धा माणसांवरच होते, म्हणून ती करायची परवानगी समितीकडे आधी विचारा.